नकाशातले पदार्थ

नवी मुंबईत सेक्टर कुठे संपतो आणि गाव कुठे सुरू होते, हे कळायला पाटी लागत नाही. रस्ता एकदम आखडतो, पदपथ नाहीसा होतो, चार-पाच मजल्यांच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि वळणावर गावदेवीचे देऊळ दिसते. घणसोली, कोपरखैरणे, जुहूगाव, शिरवणे, करावे, शहाबाज, कुठेही जा, चित्र थोड्याफार फरकाने हेच. सेक्टरातला माणूस म्हणतो, "इथे नियोजन फसलं." गावातला म्हणतो, "आम्ही इथे आधीपासून आहोत." ही दोन उत्तरे एकाच प्रश्नाची आहेत असे समजून गेली पन्नास वर्षे वाद चालू आहे. माझ्या मते प्रश्नच दोन आहेत. पहिला माणूस व्यवस्थेबद्दल बोलतो, दुसरा अस्तित्वाबद्दल. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा फरक 'सिस्टिम' आणि 'ऑन्टॉलॉजी' या दोन शब्दांनी शिकवला जातो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. नवी मुंबईच्या इतिहासात मात्र तो जमिनीवर उमटलेला दिसतो. तो कसा, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

आधी शब्द. 'ऑन्टॉलॉजी' हे नाव ॲरिस्टॉटलच्या काळचे वाटते, पण ते तसे जुने नाही. जेकब लोरहार्ड या शिक्षकाच्या १६०६ सालच्या लॅटिन ग्रंथात ते छापील स्वरूपात आढळते; १७३० मध्ये ख्रिस्टियान वोल्फने त्या नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि ते रूढ झाले. मुळातला ग्रीक शब्द 'ऑन', म्हणजे 'असणारे'. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा शब्द आपल्या 'सत्'चा सख्खा भाऊ. दोघेही 'अस्' या एकाच प्राचीन धातूपासून आले, आणि आपले 'असणे'ही त्याच घरातले. 'सिस्टिम'चे मूळ ग्रीक रूप 'सिस्टिमा', म्हणजे एकत्र उभे केलेले. त्यातला धातू 'स्था'चा भाऊ, आणि 'व्यवस्था' या आपल्या शब्दातही तोच 'स्था' आहे. म्हणजे एकीकडे असणे आणि दुसरीकडे उभे करणे, मांडणे. काय आहे, हा एक प्रश्न. जे आहे ते कसे लावले, कशाचा कशाशी संबंध जोडला, काय कशामुळे चालते, हा दुसरा. गंमत अशी की 'गावठाण' या शब्दातले 'ठाण' म्हणजे 'स्थान', तेही 'स्था'च्याच कुळातले. गाव जिथे उभे राहिले ती जागा.

ऑन्टॉलॉजीला मराठीत सत्ताशास्त्र, सत्तामीमांसा, अस्तित्वशास्त्र असे प्रतिशब्द वापरले गेले. त्यांतला 'सत्ताशास्त्र' हा शब्द विद्यार्थ्यांना नेहमी चकवतो. सत्ता म्हणजे राज्यकर्त्यांची सत्ता, असे वाटून ते राज्यशास्त्राच्या दिशेने निघतात. पूर्वी मला ही अडचण वाटे. नवी मुंबईचे कागद वाचू लागल्यापासून हा शब्द फारच समर्पक वाटू लागला आहे. काय 'आहे' हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न सत्तेचाच असतो.

अलीकडे हा शब्द संगणकशास्त्रातही शिरला. १९९३ मध्ये टॉम ग्रुबरने एखाद्या क्षेत्रातील वस्तुप्रकार आणि त्यांचे संबंध यांच्या उघड, काटेकोर मांडणीला ऑन्टॉलॉजी म्हटले. संगणकाला आधी सांगावे लागते की या जगात 'ग्राहक', 'खाते', 'पत्ता' असे प्रकार आहेत. मग सिस्टिम चालू होते. यादीत जो प्रकार नाही त्याच्याबाबतीत सिस्टिम चूक करत नाही, तिला तो दिसतच नाही. ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरांत रोज हेच घडते. सरकारी फॉर्ममध्ये आपल्याला लागू पडणारा पर्याय नसला की आपण 'इतर'वर टिचकी मारतो, त्यामागेही हेच असते.

आपल्याकडे ही यादी करण्याचे काम वैशेषिकांनी फार पूर्वी हाती घेतले. त्यांचा शब्द होता 'पदार्थ'. दिवाळी अंकात हा शब्द वाचून कोणाला फराळाचे ताट आठवले तर तो त्याचा दोष नव्हे. पण मुळात पदार्थ म्हणजे पदाचा अर्थ, शब्दाने ज्याचा निर्देश होतो ते. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय असे सहा पदार्थ आधी मानले गेले आणि सातवा 'अभाव' नंतर स्वीकारला गेला. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त सातही येतात. याच परंपरेत एक वाद झाला तो आपल्या कामाचा आहे. अंधार हे द्रव्य आहे का? कुमारिल भट्टाच्या अनुयायी मीमांसकांनी म्हटले, आहे. तो काळा दिसतो, हलताना दिसतो. नैयायिकांनी म्हटले, नाही. अंधार म्हणजे फक्त प्रकाशाचा अभाव. दोन्ही पक्षांना अंधार सारखाच दिसत होता. दिवा लावल्यावर काय होते याबद्दल त्यांच्यात मतभेद नव्हता. वाद होता तो अंधाराला 'काहीतरी' म्हणायचे की 'काहीतरी नसणे' म्हणायचे, एवढाच. आता अंधाराच्या जागी ठाणे खाडीच्या पूर्वेकडचा चिखल, तिवरे, खार आणि मिठागरे ठेवून पाहा.

हा पट्टा मूळचा खारेपाटाचा. भरतीचे पाणी जिथे दिवसातून दोनदा येते अशा जमिनीत भात पिकवायचे म्हणजे आधी समुद्र अडवावा लागतो. बाहेरून चिखलमातीचा मोठा बांध, आत खाचरांचे लहान बांध, आणि मधोमध उघाडी: ओहोटीला आतले पाणी बाहेर जाऊ देणारी, भरतीला बंद होणारी. नव्या खारीतले मीठ धुऊन निघायला कित्येक पावसाळे लागतात, आणि तोवर फारसे काही पिकत नाही. बांधाला एक खांड पडली आणि ती वेळेवर बुजवली नाही, तर एका उधाणात साऱ्या गावाचे पीक जाते आणि पुढची काही वर्षे जमीन नापीक होते. म्हणून इथली शेती एकट्या शेतकऱ्याला जमणारी नव्हतीच. आगरी समाजाचे नावच 'आगर' या शब्दावरून आले, आणि आगर म्हणजे मिठाचे वाफे किंवा बाग, दोन्ही माणसाने घडवलेले.

जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये या खारीचे दोन प्रकार नोंदले आहेत. 'शिलोत्री' खारीत कुळे गोळा करून बाहेरचा बांध घालणारा आणि पुढे तो राखण्याची जबाबदारी घेणारा शिलोत्री असे. त्या बदल्यात त्याला धान्याचा हिस्सा मिळे. 'कुळारग' खारीत कुळांनी मिळून बांध घातलेला असे आणि दुरुस्तीही तीच मिळून करीत. मला या दोन शब्दांत फार अर्थ दिसतो. जमिनीचे वर्गीकरण इथे मालकाच्या नावावरून किंवा मातीच्या रंगावरून केलेले नाही, तर बांध कोण राखतो यावरून केलेले आहे. त्या जगातला मूळ पदार्थ होता बांध. शेत त्याच्या आडोशाने अस्तित्वात येत असे.

महसुली मोजणीने हे जग दुसऱ्या पद्धतीने लिहिले. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, कब्जेदाराचे नाव. आज आपण ज्याला सातबारा म्हणतो त्या गाव नमुना ७ आणि १२ च्या उताऱ्यात शेत आहे, पीक आहे, माणूस आहे. सामाईक बांध आणि त्यावरचे सामाईक श्रम यांना मात्र त्यात खरी जागा नाही. ही नोंद खोटी होती असे नाही. सारा वसूल करायला जेवढे असणे पुरेसे होते तेवढेच तिने मानले. पुढे खोत आणि सावकार यांच्या विरुद्ध झालेला लढाही याच भाषेत झाला. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी जमीन कसलीच नाही. या संपाने उठवलेल्या प्रश्नाचे उत्तर १९४८ च्या कुळकायद्यात आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनात मिळाले. कसणारा कूळ कायद्याने मालक झाला. 'कूळ' हा शब्द तोवर एका संबंधाचे नाव होता. त्या दिवशी तो माणूस उताऱ्यावर स्वतःच्या नावाने अवतरला.

आता तारखा शेजारी ठेवा. १९५७ नंतर बरोबर तेरा वर्षांनी, १९७० मध्ये, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाला निघाल्या.

शहराची कल्पना त्याआधीची. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकात मांडले की मुंबई उत्तरेकडे ताणत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवे शहर वसवावे. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा आला, १९७९ मध्ये तो मंजूर झाला. ३४४ चौरस किलोमीटर, ९५ गावे, वीस लाख लोकवस्तीचे लक्ष्य. नकाशावर वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर असे नोड. नोडात सेक्टर, सेक्टरात भूखंड. नोडांना जोडणारी रेल्वे. या सगळ्याचे इंजिन होते जमीन: शेतीच्या भावाने घ्यायची, विकसित करायची, शहराच्या भावाने विकायची आणि त्या पैशातून रस्ते, पाणी, पूल उभारायचे. सरकारच्या तिजोरीवर फारसा भार न टाकता शहर उभे करण्याची ही युक्ती खरोखर हुशारीची होती. व्यवस्था म्हणून मी तिला चांगले गुण देईन. ज्यांनी ती आखली ते लोक कळवळ्याने काम करणारे होते, आणि नवी मुंबईला शिव्या देणारा माणूसही मुंबईत घर बदलायची वेळ आली की इकडेच पाहतो.

पण या व्यवस्थेने जग कशाकशाचे बनले आहे असे मानले? जमीन, रस्ता, भूखंड, लोकसंख्या, घनता. खार ही तिच्या दृष्टीने 'सखल भाग' होती, भराव घालून वर आणायची उणीव. खाडीकाठचा चिखल म्हणजे जमिनीचा अभाव. नैयायिकांचा अंधार तो हाच.

गावांबद्दल मात्र आराखड्याने एक सवलत दिली, आणि पुढच्या भांडणाचे बीज तिच्यातच होते. गावठाणे संपादनातून वगळली. आजूबाजूची शेते गेली, घरे राहिली. हे मानवतेचे वाटते आणि काही अंशी होतेही. पण 'गावठाण' म्हणजे काय? महसूल संहितेच्या कलम १२२ नुसार जिल्हाधिकाऱ्याने ठरवून दिलेली वस्तीची हद्द. नकाशावर ती एक बंद रेघ. गावाच्या दृष्टीने गावठाण ही वाढणारी वस्तू होती. थोरल्याने जुने घर ठेवायचे, धाकट्याने मागच्या वाडीत चूल मांडायची, वस्ती फारच झाली की शेतावर पाडा बसायचा, आणि सरकारदरबारी 'गावठाण विस्तार' मंजूर व्हायचा. भोवतालची जमीन शहराच्या मालकीची झाल्यावर हा विस्तार जायला जागाच उरली नाही. आराखड्याने गावठाण एक ठिपका म्हणून जपले. गावाला ते बीज म्हणून हवे होते. मुलांची लग्ने झाली, नातवंडे झाली, घरे पुढे सरकली, आणि ज्या क्षणी ती रेघेबाहेर गेली त्या क्षणी त्यांचे नाव 'अतिक्रमण' झाले. काल जी वाडी होती तिच्यावर बांधलेले घर आज अतिक्रमण. भिंत तीच, माणूस तोच.

१९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात जे घडले ते रायगडात कोणाला सांगावे लागत नाही. १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मरण पावले. नेतृत्व जासईचेच दिनकर बाळू पाटील यांचे. त्या आंदोलनाचा इतिहास सहसा भावाच्या भांडणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो: सरकार कमी देत होते, शेतकरी जास्त मागत होते. भाव हा व्यवस्थेच्या आतला प्रश्न असतो. आकडा बदलला की मिटतो. जासईनंतर जे मिळाले ते मात्र आकड्यापेक्षा वेगळे होते. १९९० आणि १९९४ च्या शासननिर्णयांनी संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ खातेदाराला परत देण्याचे ठरले. जमीन विकून निघून गेलेला माणूस या कल्पनेऐवजी शहराच्या वाढीत भागीदार असलेला माणूस कागदावर आला. हा नवा पदार्थ होता, आणि त्याला पाच जीव मोजावे लागले.

व्यवस्थेने लगेच त्याला आपल्या साच्यात बसवले, हेही नमूद करायला हवे. साडेबारा टक्क्यांतून सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के कापले गेले, म्हणजे प्रत्यक्ष हाती आले पावणेनऊ. एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे, गेला असेल तर कागदावर पाच गुंठे आणि हातात साडेतीन. तो भूखंडही बहुधा आपल्या शेतात नाही, दुसऱ्याच सेक्टरात. 'साडेबारा' हे आता इथल्या बोलीत नाम झाले आहे, दलाल विचारतो, "साडेबाराचा आहे का?" ज्या खाचरात वडिलांनी खांड बुजवली त्याच्याशी या नामाचा काही संबंध उरला नाही. आणि ज्यांचे नाव उताऱ्यावर कधी नव्हतेच, मिठागरावर राबणारे, दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणारे, घरातल्या बायका, त्यांना मूळ खातेदाराच्या व्याख्येत शिरणे अवघडच होते. एका पदार्थाला मान्यता देताना त्याच्या कडेला नवे अभाव तयार होतात.

'प्रकल्पग्रस्त' या शब्दाचेही असेच. महाराष्ट्रात प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ चा. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. ग्रहणाच्या वेळी चंद्र ग्रस्त होतो. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, प्रकल्पग्रस्त: व्यवस्थेने माणसाला तिच्याच एका कृतीचे फळ म्हणून ओळखले. इथले लोक सवलतींच्या अर्जावर प्रकल्पग्रस्त लिहितात आणि सभेत स्वतःला भूमिपुत्र म्हणवतात. दोन्ही शब्द एकाच माणसाचे. पहिल्याने त्याला दाखला मिळतो. दुसऱ्याने तो सांगतो की प्रकल्प आला नसता तरी मी होतोच.

माझ्या मते या सगळ्या शब्दसंपदेत सर्वांत विलक्षण शब्द आहे 'गरजेपोटी'. रेघेबाहेरच्या घरांना अतिक्रमण म्हणून पाडताही येईना आणि अधिकृतही म्हणता येईना, तेव्हा शासकीय भाषेत 'गरजेपोटी बांधलेली घरे' असा वर्ग जन्माला आला. २०१० च्या निर्णयाने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतची, २०२२ च्या निर्णयाने २५० मीटरपर्यंतची घरे नियमित करण्याचा मार्ग खुला केला. क्रियाविशेषण होते त्याचे वस्तूचे नाव झाले. घर का बांधले हे घराच्या असण्यात मिसळले गेले. भाड्यासाठी बांधलेले पाच मजले आणि धाकट्या भावासाठी बांधलेली दोन खणांची खोली यांतला फरक आता हेतूत शोधायचा. हेतू मोजायचा फीता कोणाकडेच नसल्याने शेवटी पुन्हा मीटरच मोजले जातात. आणि ते मोजायचे कुठून? गावठाणाच्या रेघेपासून, म्हणजे ज्या रेघेवरून सारे भांडण सुरू झाले तिथूनच.

इथे कोणी म्हणेल की हा शब्दांचा खेळ आहे. काय अस्तित्वात आहे हे ठरवणे ही व्यवस्थेची पहिली पायरीच ना? मग ऑन्टॉलॉजी हा सिस्टिमचाच एक भाग झाला, दोन वेगळे शब्द कशाला? आक्षेप वजनदार आहे. संगणकवाले तर तसेच वापरतात. पण संगणकातल्या यादीत आणि खारेपाटात एक भेद आहे. यादीत नसलेला ग्राहक येऊन दार वाजवत नाही. खाडी वाजवते. यादीत असो वा नसो, भरती येते, आणि तिला अडवणारा बांध कोणी राखला नाही तर ती आत शिरते. व्यवस्थेला स्वतःची पूर्णता आतून तपासता येत नाही. तिने जे मानले नाही ते बाहेरूनच येऊन आदळते. नवी मुंबईत ते तीन वाटांनी आले.

पहिली वाट तिवरांची. स्थानिक माणूस तिवर, कांदळ अशी झाडांची नावे घेतो, त्यांचे सरपण करतो, त्यांच्या मुळांत चिंबोऱ्या शोधतो. जुन्या शहरी नजरेला ती सारी दलदल होती. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने राज्यातील तिवरांची तोड आणि त्यांवरचा भराव थांबवला, सरकारी जमिनीवरची तिवरे संरक्षित वन म्हणून जाहीर करायला सांगितले आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला लावला. २०१८ च्या अंतिम निकालाने ते पक्के केले. २०१२ मध्ये वनविभागात कांदळवन कक्ष सुरू झाला. अभाव होता तो द्रव्य झाला. याची एक विचित्र बाजू खारेपाटात दिसते. बांध फुटून भरतीचे पाणी शेतात येऊ लागले की काही वर्षांत तिथे तिवर उगवते. सातबारा म्हणतो भातशेती, झाड म्हणते वन, आणि मालक मधे उभा. शिलोत्री असता तर बांध फुटू दिला नसता. पण तो पदार्थ यादीतून कधीच गेला होता.

दुसरी वाट पाण्याची. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांनी काय पाणथळ आहे हे सांगताना काय नाही तेही सांगितले: नदीचे पात्र, भातशेती, आणि पिण्याचे पाणी, मत्स्यशेती, मीठ, सिंचन, करमणूक यांसाठी माणसाने केलेले जलाशय. खारेपाटातला कोणताही जुना पाणवठा यांतल्या दोन-तीन कप्प्यांत एकदम बसतो, कारण हा सारा प्रदेशच माणसाने आणि भरतीने मिळून केलेला आहे. नेरुळला एका शाळेच्या नावाने ओळखला जाणारा तलाव याचे उदाहरण. आराखड्यात तो तलाव म्हणून फारसा महत्त्वाचा नव्हता, फ्लेमिंगोंना होता. भरतीला शेजारच्या ठाणे खाडीतला चिखल बुडाला की ते इथे येऊन उभे राहतात. खाडीचा तो भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, पण पक्ष्याला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते, भरतीची वेळ ठाऊक असते. तलावात येणारे भरतीचे पाणी अडले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मेले. त्यानंतर २०२५ मध्ये राज्याने तो संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचे ठरवले. 'फ्लेमिंगो सिटी' अशी शहराची जाहिरात त्याआधीच सुरू झाली होती, उड्डाणपुलांवर गुलाबी पक्षी रंगवून झाले होते.

तिसरी वाट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी लिहिले गेले. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात 'जमीन' या शब्दात जमिनीपासून मिळणारे लाभ आणि जमिनीला जोडलेल्या वस्तू येत असत. व्याख्या उदार होती. पण दिवाळे, सारसोळे, वाशी, करावे इथल्या कोळ्यांचा लाभ जमिनीपासून येत नव्हता. तो पाण्यातून येत होता, आणि पाण्याला सर्व्हे नंबर नसतो. कुठल्या खाडीमुखाशी कोणाचे जाळे, हे गावाला माहीत असते. तलाठ्याच्या दप्तरात त्याचा उतारा निघत नाही. त्यामुळे आगरी शेतकरी निदान 'खातेदार' म्हणून भांडू शकला. कोळ्याला आधी आपण गमावले असे काही 'होते' हेच सिद्ध करावे लागले. भराव पडले, पूल झाले, सांडपाणी आले, मासळी कमी झाली, आणि नुकसान मात्र कोणत्याच रकान्यात बसेना.

वाशी खाडीवरच्या तिसऱ्या पुलाचे काम सुरू व्हायचे होते तेव्हा मच्छीमारांची सहकारी संस्था उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०२१ च्या निकालाने पुलाला परवानगी दिली. सोबत बाधित मच्छीमारांना अंतरिम भरपाई द्यायला आणि असे नुकसान मोजण्याचे कायमचे धोरण राज्याने करायला सांगितले. पुलाचा खर्च, लांबी, वाहनांची संख्या हे सारे आधीपासून मोजून तयार होते. मासेमारीचे असणे मोजण्याची रीत तयार नव्हती, ती नव्याने करायची होती. किती घरे, कोणती खाडी, कोणत्या हंगामात कोणती मासळी, जाळी कोणती, होडी कोणाच्या नावावर, आणि होडीच नसलेली, चिखलात उतरून हाताने निवटी आणि चिंबोऱ्या धरणारी बाई कोणत्या रकान्यात?

सीवूड्सच्या रेल्वेस्थानकाच्या पाटीवर 'सीवूड्स' आणि 'दारावे' ही नावे जोडून येतात. पहिले नाव भूखंडांच्या नव्या वस्तीचे, दुसरे शेजारच्या गावाचे. गाडीतली उद्घोषणा दोन्ही नावे एका दमात घेते. उतरणारे बहुतेक जण पहिलेच म्हणतात, रिक्षावाला दोन्ही ओळखतो, आणि दारावे गावातल्या एखाद्या घराचा पत्ता विचारला तर आधी उलट विचारतो, "गावात की सेक्टरात?"